अज्ञात इसमाविरुद्धचा अर्ज

अर्जदार : गावोगाव फिरून गाणारे एक वयस्क कव्वाल, गैरअर्जदार : अज्ञात इसम, स्थळ : नाशिक कोर्टाबाहेरील माझे अर्जलेखनाचे टेबल, साक्षीदार : शेजारचे स्टॅम्पविक्रेते. शिक्क्याच्या शाईचा वास आला की दोन वर्षांपूर्वीचा तो अर्ज आठवतो. मैफल फोनवर टिपून रसिकांनी खुशाल आपसात द्यावी, मात्र इंटरनेटवर टाकू नये, एवढीच कव्वालसाहेबांची अट असे. मनमाडच्या मैफलीत त्यांचा आवाज फाटला आणि नेमके तेच रेकॉर्डिंग कोणीतरी इंटरनेटवर टाकले. "लोक हसतात माझ्यावर, वकीलसाब. दोन उरुसांचं बोलावणं रद्द झालं. एकदम कडक लिहा," ते म्हणाले. टाकणारा मीच होतो. त्या फाटलेल्या सुरानेच माझे डोळे पाणावले होते, म्हणून तो सर्वांनी ऐकावा असे वाटले. "संशय कोणावर?" मी कसेबसे विचारले. "तुम्ही सोडून सगळ्यांवर," असे म्हणून ते हसले, स्टॅम्पविक्रेतेही हसले. मी 'अज्ञात इसम' असे टंकित केले आणि त्यांनी न वाचताच सही केली. अर्ज अद्याप प्रलंबित आहे. कव्वालसाहेब दर आठवड्यास येऊन विचारतात, "सापडला का तो?" तरी त्यांस मी काय उत्तर द्यावे, हे सुज्ञ वाचकांनी सत्वर कळवावे, ही नम्र विनंती.