नाना आणि त्यांच्या वायरी

पंचवटीत टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करणारे नाना बिघडलेल्या यंत्राकडे आधी बघतच नसत. "वायर आणली का?" एवढंच विचारत. नसली, की भल्याभल्यांना घरी पिटाळत. "यंत्र मरत नाय हो, त्याची जोडणी मरते. कंपन्या पिना बदलत राहतात अन् आपण वायरी भंगारात घालतो."

दुकानभर खिळ्यांना वायरी लोंबत. "नाना, वाळत घातल्यात का?" असं मी चिडवायचो.

बाबा गेले आणि माझी चेष्टा संपली. चालते-बोलते बाबा फक्त ताईच्या लग्नात मामानं काढलेल्या छोट्या कॅसेटमध्ये उरले होते. कॅमेरा घरी होता; त्याची वायर मीच दिवाळीच्या साफसफाईत फेकून दिली होती. आईला बाबांना एकदा बघायचं होतं. बाजारातून तशीच दिसणारी वायर आणली, तर टीव्हीवर नुसती खरखर. "कॅसेट गेली," दुकानदार म्हणाला. आईकडे बघायची मला लाज वाटत होती.

शेवटी तिला, कॅमेरा आणि ती बाजारची वायर घेऊन नानांकडे गेलो. त्यांनी टीव्हीच्या पिवळ्या जागेतली पिवळी पिन उपसली आणि तिथं लाल खोचली. चित्र आलं! "रंगावर जाऊ नका. पिन दिसायला एक, आतल्या तारांचा क्रम ज्या त्या कंपनीचा." मांडवात बाबा मामावर ओरडत होते, "माझं काय काढतोस, जेवून घे आधी!" आईनं पदर तोंडाला लावला.

नानांनी सगळं सीडीवर उतरवून दिलं.

"आता हे कायम राहील ना?" आईनं विचारलं.

हो म्हणायला त्यांचं काय जात होतं? "नाय वहिनी. ही सीडीबी जाईल, आता कॉम्प्युटरची नवी चपटी पिन आलीय तीबी जाईल. घरातल्या कुणीतरी दर वेळी पुढच्यात उतरवून घ्यायला लागतं."

मला त्यांचा रागच आला. रिक्षात आई म्हणाली, "खरं बोलला माणूस. माझ्यामागं तू उतरवशील ना?"

पुढच्याच वर्षी नाना हृदयविकारानं गेले. त्यांच्या वायरी पोत्यांत भरून भंगारवाल्यानं नेल्या. काही महिन्यांनी आईही गेली.

ती सीडी घेऊन मी एका चकचकीत दुकानात गेलो. "पेनड्राइव्हवर टाकून देतो सर," विक्रेता हसून म्हणाला. "मग लाइफटाइम टेन्शन नाही."

मला नानांची आठवण आली; सीडी परत घेतली आणि नुसता कोरा पेनड्राइव्ह विकत घेतला. घरी येऊन ताईच्या मुलीला शेजारी बसवलं आणि तिच्या आजोबांना एका जागेवरून दुसरीकडे कसं उतरवायचं, ते तिला शिकवलं.