कॅप्टनच्या घरचं जेवण

मिठागर युनायटेडची कॅप्टनकी आपल्या घरातून गेली हे कळलं तेव्हा स्टेफी फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोल पावांचं, पीठ भिजवत होती. तिने पीठ झाकून ठेवलं, मागच्या दारी जाऊन केळींमधल्या वाटेवर उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून मनसोक्त आळस दिला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आता आपण मॅचच्या दिवशी पाय पसरून बसू शकतो.

कारण कॅप्टन गॉडफ्रे असला तरी कॅप्टनकी स्टेफीच्याच अंगावर पडलेली होती. मिठागर युनायटेड हा वसईचा व्यावसायिक क्लब. खेळाडू कराराचे, लीग खरीखुरी, जर्सीवर सिमेंटवाल्याचं नाव. पण क्लब सुरू झाला तेव्हा मैदानाजवळ चहाची टपरीसुद्धा नव्हती, म्हणून पहिल्या कॅप्टनने मॅच संपल्यावर सगळ्या टीमला स्वतःच्या घरी जेवायला नेलं. पुढे टपरी आली, हॉटेलं आली, क्लबाला फिजिओ आला, तरी घरच्या मैदानावरची मॅच संपली की टीम कॅप्टनच्या घरी जेवते ती जेवतेच. किराणा क्लब पाठवतो. हात मात्र घरातले.

या जेवणाचे दोनच कायदे. कॅप्टन स्वतः वाढतो आणि सगळ्यात शेवटी बसतो. आणि कॅप्टन ताटावर बसेपर्यंत मॅचबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. हे कायदे कुठे लिहिलेले नाहीत. नव्या पोराने तोंड उघडलं की शेजारचा त्याच्या ताटात आणखी एक फुगा टाकतो, एवढंच.

लग्नानंतर पहिल्या वर्षी स्टेफीला ही सगळी थेरं वाटली होती. ती शाळेत गणित शिकवते. हिशेबाबाहेरची माणसं तिला पटत नाहीत. मग एकदा राजोडीच्या पास्कलने, म्हणजे त्यांच्या गोलकीपरने, अगदी सोपा बॉल दोन पायांमधून आत जाऊ दिला. मॅच गेली. पास्कल कपडे न बदलता बाथरूममध्ये लपून बसला. गॉडफ्रेने त्याची बॅग स्वतःच्या खांद्याला लावली, त्याला स्कूटरवर मागे बसवून गिरीजला घरी आणला आणि त्याच्या ताटात मटणाचं कालवण वाढत राहिला. पास्कल खाली मान घालून जेवला. गॉडफ्रे शेवटी बसला तोपर्यंत पास्कलच्या पोटात इतकं गेलं होतं, आणि शिव्या देणाऱ्यांच्याही, की कुणाचाच आवाज चढला नाही. मग पास्कलच म्हणाला, "मी झोपलो होतो रे." सगळे हसले आणि विषय मिटला. त्या दिवशी आपल्या नवऱ्याला कॅप्टन का करतात ते स्टेफीला कळलं. तिने हे त्याला कधी सांगितलं नाही. आधीच त्याची मान ताठ असते.

गॉडफ्रे जन्मला गिरीजच्या याच वाडीत. चर्चच्या मैदानावर अनवाणी खेळला, सतराव्या वर्षी मिठागरच्या ज्युनिअर टीममध्ये गेला, आणि मग दुसरा क्लब म्हणून पाहिला नाही. बरोबरची पोरं मोबाइलची कव्हरं बदलावीत तसे क्लब बदलत होती. गॉडफ्रेलाही बेंगळुरूहून विचारणा झाली, कोलकात्याहून झाली. प्रत्येक वेळी तो विचार करतो म्हणाला, केळींना पाणी लावायला गेला आणि परत येईपर्यंत विसरला. पेपरवाल्यांनी याला निष्ठा म्हटलं. स्टेफीच्या मते निम्मी निष्ठा होती. उरलेलं निम्मं हे, की या माणसाला परक्या उशीवर झोप लागत नाही.

आता गुडघा कुरकुरायला लागला होता. कोच जयवंतसरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की यंदा तू सगळ्या मॅचेस पूर्ण खेळणार नाहीस, आणि कॅप्टन मैदानात हवा. कॅप्टन सुमेध होईल. सुमेध म्हणजे विरारच्या फुलपाड्याचा, मिडफील्डला खेळणारा, बावीस वर्षांचा, पायात वीज आणि डोक्यात थोडी हवा. गॉडफ्रेने मैदानावरच सुमेधच्या दंडावर स्वतःच्या हाताने कॅप्टनची पट्टी चढवली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढू दिला. मग घरी आला आणि घराचा कॅप्टन झाला.

पहिल्या दिवशी त्याने दारातल्या चपला आकारमानाप्रमाणे रांगेत लावल्या. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या बरण्यांच्या जागा बदलल्या. तिसऱ्या दिवशी त्याची आई हेलन अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती, तर हा पायरीवर बसून तिला सांगायला लागला, की तू मधेच उभी राहतेस, उजवी बाजू अख्खी मोकळी राहते. हेलनने टोपली खाली ठेवली.

"स्टेफी," ती आत बघून म्हणाली, "ह्याला कुठलं तरी कॅप्टन करा बाई. नाहीतर मी जाते माझ्या बहिणीकडे."

आणि नेमका तेव्हाच मडगावहून फोन आला. तिथल्या एका क्लबाला अनुभवी बचावपटू हवा होता. गुडघ्याचं त्यांना ठाऊक होतं, तरी दोन वर्षांचा करार, राहायला घर, आणि कॅप्टनकी. सोमवारी सकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

या वेळी गॉडफ्रे केळींना पाणी लावून आला तरी विसरला नाही. तेव्हा स्टेफी घाबरली. मडगाव म्हणजे तिची शाळा सुटणार, नाहीतर नवरा महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा येणार. हेलन वाडी सोडून कुठे जाणार नव्हती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, जाऊ नकोस. पण आपण थांब म्हटलं आणि हा थांबला, तर पुढची तीस वर्षं प्रत्येक भांडणात मडगाव ताटात येणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तो विचारायचा, "तुला काय वाटतं?" आणि ती म्हणायची, "तुझा खेळ, तू बघ." दोघंही मग फार सभ्यपणे टीव्ही बघत बसायचे.

शुक्रवारी सुमेधच्या आईचा, विनयाताईंचा फोन आला. आवाज रडवेला. शनिवारी घरची मॅच, आणि मॅचनंतर सगळी टीम त्यांच्याकडे. वन बीएचके, चौथा मजला. शिवाय त्यांच्या घरी शनिवारी अंडंसुद्धा शिजत नाही. स्टेफीने त्यांना धीर दिला. मसालेभात करा, मटकीची उसळ करा, जिलेबी बाहेरून आणा. तांदूळ तुम्ही ठरवाल त्याच्या दीडपट घ्या, ही माणसं नाहीत, चरायला सोडलेली जनावरं आहेत. पातेली माझ्याकडची न्या. पास्कलला आधी वाढा, तो भुकेने चिडतो. पाऊण तास ती बोलत होती. स्वतःच्या कॅप्टनकीचा चार्ज आपण देतोय असं तिला वाटलं, आणि त्या दिवशीचा आळस कुठे गेला तेही कळेना. शनिवारी दुपारीच ती मदतीला फुलपाड्याला जाऊन पोचली.

मॅच मिठागर हरलं. दोन गोलांनी. पहिला गोल असा, की सुमेध बॉल घेऊन एकटाच चार जणांना चकवायला गेला, पाचव्याने तो काढून घेतला, आणि मागे मैदान मोकळं. गॉडफ्रे गुडघ्यामुळे उत्तरार्धात आला, तोवर व्हायचं ते झालं होतं.

संध्याकाळी टीम फुलपाड्याला आली. लिफ्ट बंद होती, त्यामुळे दमलेले पाय चार मजले चढून आले. चपला-बूट दारापासून सुरू होऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. सुमेधच्या वडिलांनी शेजाऱ्यांकडून सतरंज्या आणल्या होत्या. हॉलमध्ये मांडीला मांडी लागली, दोघे जण बेडरूमच्या उंबऱ्यात बसले, एक जण पाय बाहेर ठेवून गॅलरीत. गॉडफ्रे कुठे बसावं न कळून दाराशी उभा होता. सहा वर्षं या वेळेला त्याच्या हातात पातेलं असायचं. आता हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने ते खिशात घातले.

आणि विनयाताईंनी सुमेधला खाली बसवलं. पोरगा पांढराफटक पडला होता. त्यांनी त्याच्यापुढे पहिलं ताट ठेवलं, त्यावर तूप घातलं, पाठीवरून हात फिरवला. "जेव रे आधी. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या."

स्वयंपाकघराच्या दारात स्टेफीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तांदळाचं प्रमाण, मटकीचे मोड, पास्कलची भूक, सगळं सांगितलं होतं. हे एकच सांगायचं राहिलं होतं. आपल्या घरी रोज उजाडतं ते कुणी कुणाला सांगतं का?

सुमेधलाही कायदा माहीत होता. पण हरलेल्या माणसाला आईने ताट दिलं की कायदे आठवत नाहीत. त्याने घास घेतला. म्हणजे कॅप्टन ताटावर बसला. म्हणजे आता बोलायला सगळे मोकळे. आणि बाकी सगळ्यांची पोटं रिकामी.

पास्कलनेच सुरुवात केली. "चार जणांना चकवायला तू कोण रे लागून गेलास? मागे मी काय आरती ओवाळत उभा होतो?"

मग उंबऱ्यातला बोलला, गॅलरीतला बोलला. कुणी म्हणालं, पट्टी दंडाला बांधतात, डोळ्यांना नाही. जयवंतसर हात वर करून काही म्हणत होते, ते त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. विनयाताई सैरभैर झाल्या. सुमेध घास हातात धरून बसला होता. आणि मग, एकेक करून, सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली. गॉडफ्रेकडे.

स्टेफीने नवऱ्याचा चेहरा पाहिला. तिला एवढंच कळलं, की आत्ता हा पुढे होऊन हातात डाव घेईल. सगळ्यांना तेच हवंय. तो वाढेल, पोरं गप्प होतील, आणि सुमेध पुन्हा कधीच कॅप्टन होणार नाही. पट्टी याच्याकडे परत येईल, नाहीतर हा मडगावला जाईल. मधला रस्ता उरणार नाही.

गॉडफ्रेने खिशातून हात काढले. पास्कलच्या बाजूला ढकलाढकल करून जागा केली, दुखरा गुडघा सरळ लांब सोडून बसला. पुढ्यातलं रिकामं ताट उचललं आणि समोर धरलं.

"कॅप्टन," तो म्हणाला, "वाढतोस ना? का तुझ्या आईनेच सगळ्यांना वाढायचं?"

सुमेध घास ताटात ठेवून उठला. विनयाताई लगबगीने पुढे झाल्या, अहो तो दमलाय, मी वाढते की. स्टेफीने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना अलगद ओट्याकडे वळवलं. पातेलं मात्र सुमेधच्या हातात दिलं.

त्याला वाढता येत नव्हतं. मसालेभात ताटात कमी, सतरंजीवर जास्त. पास्कलच्या मांडीवर मटकी सांडली. पण पास्कलने तोंड उघडलं तशी गॉडफ्रेने स्वतःच्या ताटातली जिलेबी त्यात कोंबली. हळूहळू नुसता जेवण्याचा आवाज उरला. कुणीतरी मिरची मागितली. कुणी विनयाताईंना मसाला घरचा का विचारलं, त्या साताऱ्याहून येतो म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. सुमेध फिरत होता, वाकत होता, कुणाला आणखी हवंय बघत होता. चौथ्या-पाचव्या ताटाला त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

सगळ्यात शेवटी तो बसला. त्याचा भात गार झाला होता. दोन घास खाऊन तो म्हणाला, "पहिला गोल माझ्यामुळे गेला."

"गेलाच," पास्कल म्हणाला, पण भरल्या पोटाने. "दुसरा माझा होता."

मग मॅचची चिरफाड झाली, रीतसर. आणि स्टेफीने पाहिलं, सगळ्यात जास्त गॉडफ्रेच बोलत होता. कॅप्टन असताना त्याला सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागायचं. आता तो साधा खेळाडू होता. त्याने जयवंतसरांच्या डावपेचांवर टीका केली, रेफरीच्या डोळ्यांवर केली, तिसऱ्यांदा भात मागून घेतला. असा हातवारे करत मोकळेपणी बोललेला नवरा तिने लग्नाच्या आधीच पाहिला होता.

जिना उतरताना तो कठड्याला धरून एकेक पायरी घेत होता. दुसऱ्या मजल्यावर थांबला.

"सहा वर्षांत आज गरम जेवलो," तो म्हणाला.

"आवडला भात?"

"मीठ कमी होतं." तो पुढची पायरी उतरला. "त्या पोराला वाढता येत नाही गं. डाव कसा धरतो बघितलंस? माणसाकडे न बघता ताटाकडे बघतो. बॉल घेऊनही तेच करतो. एक सीझन जाईल त्याला शिकवण्यात."

स्टेफी शाळेतल्या आवाजात म्हणाली, "एकच?"

"दोन धर."

खाली आल्यावर त्याने मडगावला फोन लावला. सोमवारची वाट कशाला बघायची, म्हणाला. समोरच्याला त्याने अगदी अदबीने सांगितलं, की आभारी आहे, पण जमणार नाही, इथे एक काम निघालंय. समोरचा बराच वेळ समजावत असावा. गॉडफ्रे हो-हो करत बिल्डिंगच्या गेटपाशी येरझारा घालत राहिला. स्टेफीने तोवर रिकामी पातेली स्कूटरच्या पुढे दोरीने बांधली. पुढची घरची मॅच दोन आठवड्यांनी होती, आणि विनयाताईंनी ती पुन्हा नेणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

गॉडफ्रे फोन ठेवून आला, पातेल्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, मोठं डावीकडे बांधायला हवं होतं, तोल जाईल.

"मागे बस," स्टेफी म्हणाली. "गाडी मी चालवतेय."

तो मुकाट्याने मागे बसला.