मामाचा फोन बंद

दत्तराव चिडले की आधी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवतात आणि मग तोंड सोडतात. गावाला हे ठाऊक आहे. पटका मांडीवर आला की पोरंसोरं ओट्यावरून हळूच सटकतात आणि त्यांची बायको नर्मदाबाई चुलीवर चहा ठेवते, कारण आता बराच वेळ तोंड काही थांबत नाही. माणूस रागीट, पण खोटा नाही. मेंढरं राखत म्हातारा झाला, पण कुणाच्या पिकात मेंढराचं तोंड जाऊ दिलं नाही. अशा माणसाला ज्या मोबाइल कंपनीनं सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, तिच्या नावानं त्यानं शंख केला तर काय चुकलं? कंपनीचं नाव मात्र मी सांगणार नाही. फुकटची जाहिरात कशाला?

त्यांचं गाव ताडकळसपासून आत, आणि कंपनीचा टॉवर दत्तरावांच्या बांधाला लागूनच. टॉवर आला तेव्हा गावात कुरकुर झाली होती. दत्तरावांनीच सगळ्यांना गप्प केलं. "डोळ्यासमोर टॉवर हाय, आता रेंज कुठं पळून जाती?" म्हणाले, आणि अख्ख्या गावानं त्यांच्या शब्दावर त्याच कंपनीची सिमं घेतली. आधी झकास चाललं. लाइट गेली की टॉवरखालचं जनरेटर धडधडायचं. मग डिझेल यायचं थांबलं, मग बॅटऱ्या मेल्या, आणि मग लाइट गेली की टॉवरही मरायला लागला. आमच्याकडं लाइट कधी जाते हे विचारू नका, कधी असते ते विचारा.

दत्तरावांनी तक्रारी केल्या. मराठीसाठी दोन दाबा, त्यांनी दोन दाबला. तक्रारीसाठी चार दाबा, चार दाबला. गाणं वाजत राहिलं, माणूस काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, धन्यवाद. त्या वक्ताला टॉवरवर कावळे बसले होते.

"कुनी केलं रे निराकरण? ह्या कावळ्यांनी?" दत्तरावांनी पटका काढला.

तरी त्यांनी कंपनी सोडली नाही. आपल्याच शब्दावर गाव आलेलं, आता आपणच कसं पळायचं? नर्मदाबाई म्हणायची, "आवं, लागत न्हाई तर बदला की." त्यावर, "तू चूप बस, तुला काय कळतंय त्यातलं," एवढंच.

आता त्यांच्या बहिणींचं सांगतो. दोन बहिणी. थोरली सरजाबाई, तिला सगळे आक्का म्हणायचे, ती चारठाण्याला दिलेली. धाकटी बायनाबाई सेलूला. आईबाप कधीच गेले, दुसरा भाऊ नाही, म्हणून दोघींचं माहेर म्हणजे दत्तराव. आमच्याकडं बाई मेली की माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ येतो, लुगडं आणतो, ते तिच्या अंगावर पडतं, मग माती होते. जन्मभर सासरी राबलेली बाई जाताना तेवढी एक गोष्ट माहेरची नेते. आणि भावाला बोलवायचं तर आता फोनवरच.

आक्का भर पावसाळ्यात सकाळी गेली. वाऱ्यानं खांब पडून इकडं आदल्या दिवसापासून लाइट नव्हती, टॉवर मेलेला. तिचा मुलगा रामप्रसाद मामाला फोन लावत बसला. आता त्या फोनमधल्या बयेनं काय सांगावं? रेंज नाही म्हणावं की नाही? नाही! ती म्हणाली, आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मामाचे शेजारी व्यंकटराव, त्यांना लावला. तेही बंद, कारण तेही त्याच कंपनीचे.

रामप्रसादच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काहीतरी बिघडलंय, माणूस पाठवू. पण रामप्रसादच्या मनात आधीचं खुपत होतं. त्याच्या लेकीच्या, दीपिकाच्या लग्नात मामाचा मानाचा फेटा कुणीतरी आधी भलत्याच्याच डोक्यावर बांधला होता, आणि दत्तराव न जेवता मांडवातून उठून आले होते. त्यात मामाचा राग जगजाहीर. झालं! पोरानं हिशेब जुळवला. मामा अजून रुसलाय, फोन बंद करून बसलाय, वर शेजाऱ्यालाही सांगून ठेवलंय. मेलेल्या टॉवरला तो रुसलेला मामा समजला. दुपार टळली, आभाळ भरून आलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घाई केली आणि चारठाण्याच्याच दुकानातून आणलेलं लुगडं घालून आक्काला नेलं.

दुसऱ्या दिवशी लाइट आली तसे दत्तरावांच्या फोनवर मेसेज पडायला लागले. या नंबरवरून कॉल आला होता, या नंबरवरून कॉल आला होता, सगळे रामप्रसादचेच. त्यांनी फोन लावला. पलीकडून रामप्रसाद एवढंच म्हणाला, "झाली मामा माती. आता फुरसत मिळाली का तुमाला?"

दत्तराव फोन ठेवून तडक उठले. ताडकळसला जाऊन हिरवं लुगडं घेतलं, कारण आक्का नवऱ्याआधी, अहेव गेली होती, आणि परभणीवरून एसटी बदलत बदलत चारठाणा गाठलं. तिथं ओसरीत भावकी बसलेली. कुणी या म्हटलं नाही. एका म्हातारीनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"आता हे कुनाला नेसवता?"

"आगं, फोन लागलाच न्हाई! टॉवर बंद व्हता!" दत्तराव ओरडले.

"मामा, बाई साफ बोलली की फोन बंद हाय म्हनून," रामप्रसाद म्हणाला. "ती काय आमची सोयरी हाय का, खोटं बोलायला?"

दत्तरावांनी पिशवी उचलली. जन्मात पहिल्यांदा त्यांचा पटका डोक्यावरच राहिला. लुगडं घेऊन ते तसेच माघारी आले, आणि नर्मदाबाईनं ते पेटीत तळाशी ठेवून दिलं.

पण राग कुठं जातो? दोन दिवस तो माणूस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताडकळसला पप्पूच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बसला.

"पप्पू, ही कंपनी सोडायची. नंबर हाच पायजे. बहिनीला दुसरा पाठ न्हाई."

पप्पू म्हणाला, "होतंय की काका. पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर तुमच्या गावात न्हाई, इथला ताडकळसचा लागंल. दोनच दांड्या येतेत. अन् महाग पडंल."

"लाइट गेल्यावर त्या दोन दांड्या जातेत का?"

"न्हाई जात."

"मग कर."

पप्पूनं नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा मेसेज पाठवला. आणि गंमत बघा! इतकी वर्षं दोन दाबून, चार दाबून ज्या कंपनीचा एक माणूस बोलला नव्हता, तिची जितीजागती मुलगी दुकानातला चहा संपायच्या आत फोनवर हजर.

"नमस्कार सर, आपण आमचे जुने ग्राहक आहात. आम्हाला सोडून का जात आहात, कळेल का?"

दत्तरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. पप्पूनं दुकानातली गिऱ्हाइकं थोडी मागं सरकवली.

"तू खरी बाई हाईस का रेकॉर्ड?"

"खरी आहे सर. दुसऱ्या कंपनीचा प्लॅन स्वस्त वाटतोय का?"

"महाग हाय."

"मग आपल्याला जादा डेटा हवाय का? आम्ही रोज..."

"आगं माझे बाई, डेटा काय चाटायचाय मला? तुमची ती फोनमधली बया माझ्या भाच्याला म्हनली, मामाचा फोन बंद हाय. मी चालू व्हतो! मी घरात बसून व्हतो! बंद तुमी व्हता, अन् नाव माझं सांगितलं. माझी बहीन माहेरच्या लुगड्याबिगर गेली. भावकी मला कोडगा म्हनायली. रेंज न्हाई म्हनली असती तर पोरानं गाडीवर मानूस धाडला असता. तुमची लाज झाकायला माझी अब्रू घेतली तुमी. लिही कारण. लिवायलीस का?"

पलीकडं कीबोर्डची टकटक झाली. मग ती हळूच म्हणाली, "सर, इथं चारच कारणं येतात. दर, नेटवर्क, सेवा आणि इतर. मी इतर टाकू का?"

"इतर!" दत्तरावांचा आवाज फाटला. "टाक. माझी बहीन इतर मधी टाक." आणि फोन त्यांनी काउंटरवर पालथा घातला. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोरीला बोलायला नको व्हतं रं. तिचा काय दोष?"

पुढं गावाला काही सांगावं लागलं नाही. पुढच्या बाजारादिवशी व्यंकटराव पप्पूकडं गेले, मग त्यांची भावकी, मग एकेक गल्ली करत सगळी वेटाळं. दत्तरावांच्या शब्दावर आलेलं गाव त्यांच्या मागंच निघून गेलं. तेव्हा कुठं कंपनीची जीप आली, टॉवरखाली नव्या बॅटऱ्या उतरल्या. दत्तरावांनी बांधावरून पाहिलं आणि म्हणाले, "आता कुनासाठी घालायलात रे? कावळ्यांसाठी?"

नवं सिम चालू झालं त्या आठवड्यात एकदा दुपारी लाइट गेली. दत्तराव मेंढरांना पाणी दाखवत होते. खिशात फोन वाजला. सेलूची बायनाबाई.

"दादा, तुझ्याकडं लाइट हाय का?"

"न्हाई. सकाळधरनं न्हाई."

"आगं बया, अन् तरी लागला!" ती हसली. मग म्हणाली, "म्हंजी माझं लुगडं तेवढं येतंय आता."

"तोंड आवर, भवाने! कायबी बोलतीस!" दत्तराव कडाडले.

"चिडू नगंस रे. एकच सांगते. माझ्या वक्ताला नवं घेऊ नगं. आक्काचं आनलेलं हाय नव्हं पेटीत, तेच घाल माझ्या अंगावर. नेऊन देते मी तिला."

दत्तरावांनी पटका काढला, पण तो मांडीवर गेला नाही. तोच पटका त्यांनी डोळ्याला लावला. मेंढरं पाणी पिऊन बाजूला झाली.

"दादा? हॅलो? आरं, गेली का रेंज?"

"न्हाई गं," दत्तराव म्हणाले. "रेंज हाय."