कौसाबाईंचा राग

कौसाबाई कुणावर चिडल्या की आधी हातातलं काम बाजूला ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि त्या माणसाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहायच्या. लांबून ओरडणं त्यांना मंजूर नव्हतं. "लांबून कुत्रं भुकतं, म्याडम. मानसानं जवळ जाऊन बोलावं," असं त्या म्हणायच्या. बजाजनगरातल्या त्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले, त्याच दिवशी त्यांनी माझी हजेरी घेतली. मी अंघोळ करून पाणी सरळ मोरीत सोडून दिलं होतं. बाई धाडधाड जिना चढून वर आल्या. "शिकल्यासवरल्या तुम्ही! अंगाचं पाणी बादलीत धरावं, संडासाला वापरावं, एवढंबी कुणी सांगितलं नाय? इथं मानसाच्या घशाला कोरड अन् तुम्ही गटारीला पाजू राह्यल्या!" मी शाळेत शिक्षिका. पोरांना रागवण्यातच माझा दिवस जायचा. पण त्या दिवशी मीच वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी उभी राहिले. थोड्या वेळानं त्याच जिन्यानं गरम थालीपीठ वर आलं, लोण्याचा गोळा ठेवलेलं. ज्याला बोलायचं त्याला खाऊ घालायचं, असा त्यांचा शिरस्ताच होता.

ती वर्षं पाण्याच्या नावानं ठणठणाट असलेली. नळाला नुसती हवा यायची. आमच्या गल्लीत पाणी यायचं ते टँकरनं, आणि टँकर थांबायचा तो कौसाबाईंच्या तोंडाच्या धाकानं. सकाळपासून रस्त्याच्या कडेला नंबर लागायचे. कुणाची वीट, कुणाचं फुटकं घमेलं, कुणाची एकच चप्पल. कोणती चप्पल कोणाची, हे बाईंना तोंडपाठ. कुणी हळूच आपली वीट पुढं सरकवली की संपलंच! पण त्यांच्या बोलण्याला एक नियम होता. "शिवी द्यायची ती मानसाच्या कामाला. त्याच्या आईबापाला नाय, लेकरालाबाळाला तर नायच नाय." म्हणून तर त्यांचं बोलणं झोंबायचं, पण कुणी डूख धरायचं नाही. त्यांचे यजमान दिगंबर भाऊजी वाळूजला एका कंपनीत मशीनवर होते. गरीब गाय. बाई बोलायला लागल्या की ते ओट्यावर बसून कौतुकानं ऐकायचे.

एका दुपारी टँकरवाल्यानं निम्म्या गल्लीला पाणी दिलं आणि पाइप गुंडाळायला घेतला. पलीकडच्या शेतांत तेव्हा नव्या इमारती उठत होत्या, आणि उरलेलं पाणी तिकडं सिमेंट कालवायला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाई टँकरच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. "चालव! घाल अंगावरून! भिताडाला पाणी पाजतो अन् जित्या मानसाला तहानेनं मारतो व्हय रे? त्या भिताडानं उद्या तुला भाकर दिली तर मला दाखवायला ये!" टँकरवाला मुकाट्यानं खाली उतरला, पाइप परत सोडला आणि शेवटचा ड्रम भरेपर्यंत मान वर केली नाही. हे सगळं दिगंबर भाऊजींनी मोबाईलमध्ये घेतलं आणि सहज ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गारखेड्यात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं तोच व्हिडिओ मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ही बाई कोण गं? पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय.'

झालं! 'कौसाबाईची हजेरी' नावाचं चॅनेल निघालं. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवायचा, कुकर बंद, पंखा बंद, समोर गोल दिवा, आणि बाईंनी रोज कुणाची तरी हजेरी घ्यायची. आधी मजाच होती. भाजीवाल्याची झाली, लग्नात अन्न टाकणाऱ्यांची झाली, सासूला फोनवरून नमस्कार करणाऱ्या सुनेची झाली. नवं नवं असताना बाईही खुशीत होत्या; आरशात बघून टिकली सारखी करायच्या. मग भाऊजी म्हणायला लागले, "अजून एकदा घे. जरा जोरात. पदर खोचलेला दिसला नाय." बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघा म्याडम! शिळ्या कढीला ऊत आणायला लावू राह्यले हे."

मग चॅनेलवर जाहिरातींचे पैसे यायला लागले आणि एक दिवस भाऊजींनी कंपनी सोडली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. पेढेच घेऊन आले. म्हणाले, "आता घरचाच धंदा. साहेबाची कटकट नको." बाईंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. त्या दिवसापासून राग ही त्या घरातली चूल झाली. तो रोज पेटायलाच हवा. संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करताना एकदा त्या मला म्हणाल्या, "सकाळी उठल्यापास्नं इचार करते म्याडम, आज कुणावर चिडू? देवाशपथ सांगते, कुणाचाच राग येत नाय. अन् येत नाय म्हटलं की ह्यांचं तोंड उतरतं." मला त्यांची फार कीव आली. पापड मोडले तरी मी तशीच भरत राहिले.

त्यात लोक! शहरात गुलमंडीच्या बाजारात त्या एक साडी परत करायला गेल्या होत्या, मी सोबत होते. पहिल्याच धुण्यात साडीनं रंग सोडला होता. बाई रीतसर चिडल्या. दुकानदार टाळ्या पिटत गल्ल्यावरून उठला. "अरे, या या, कौसाबाई आल्या! मावशी, हेच पुन्हा एकदा, जरा दुकानाचं नाव घेऊन!" आजूबाजूची गिऱ्हाइकं हसत जमली. साडी काही बदलून मिळाली नाही. वर चहा मिळाला.

आणि मग उन्हाळ्यातला तो दिवस आला. बऱ्याच दिवसांनी टँकर आला होता. गल्लीत कुणाच्या घरात प्यायला हंडाभरसुद्धा नव्हतं. टँकरवाला नवीन होता. चार ड्रम भरले आणि त्यानं पाइप ओढला. नव्या इमारतीकडून त्याला फोन आला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाई धावत जाऊन टँकरच्या पुढं उभ्या राहिल्या. आवाज असा फाटला की माझ्या अंगावर काटा आला. "नको जाऊ रे! त्या कोपऱ्यावरच्या घरात बाळंतीण हाय. तिला चमचाभर पाणी नाय. काळीज हाय का दगड हाय तुझ्या छातीत?"

टँकरवाल्याचा चेहरा उजळला. "अरे, ह्या तर त्या मोबाईलवाल्या मावशी! थांबा, थांबा!" त्यानं मोबाईल काढला. आमच्या गल्लीतल्या दोघातिघांनीही काढले. कुणीतरी मागून ओरडलं, "मावशी, शिवी राहिली!" सगळे हसले. बाई हात जोडून म्हणाल्या, "अरे, खरं बोलू राह्यले मी. खरंच चिडले रे बाबांनो." त्यावर तर हशाच पिकला. टँकरवाल्यानं पोटभर हसून घेतलं, "लई भारी, मावशी!" म्हणाला, टँकर मागं घेतला आणि गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं निघून गेला. हसणारे आपापल्या रिकाम्या ड्रमांशी आले तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाळंतिणीसाठी मी माझ्या माठातलं होतं नव्हतं ते पाणी नेऊन दिलं. बाई रस्त्यातच बसून होत्या.

भाऊजींनी तेही घेतलं होतं. चॅनेलवर तेच सगळ्यात जास्त चाललं. मी संतापून खाली गेले आणि म्हटलं, "कौसाबाई, बास झालं. बंद करा हे." त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "अन् खायचं काय? कंपनीत ह्यांची जागा कवाच भरली. रागावर घर चाललंय म्याडम, आता रागावून बाहेर कसं पडू?" भाऊजी दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता हो. तोही त्यातच अडकला होता.

पुढं माझी बदली जालन्याला झाली. सामान टेम्पोत चढवून झालं आणि मी रिकाम्या खोलीला झाडू मारत होते. बाई वर आल्या. माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि अगदी पुढ्यात उभ्या राहिल्या. "निघाल्या? आम्हाला इथं वाळवंटात टाकून निघाल्या? काळीज हाय का नाय तुम्हाला?" डोळे भरले होते. वाटलं, बाईंचा राग परत आला! मी त्यांना मिठी मारणार, तेवढ्यात त्या थांबल्या. दोन पावलं मागं सरकल्या, खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं, पदर नीट खोचला आणि पुन्हा पहिल्यापासून, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "निघाल्या? आम्हाला इथं वाळवंटात टाकून निघाल्या?"

भाऊजी बाजारात गेले होते. खोलीत आम्ही दोघीच होतो.