नानांनी बांधलेल्या मोळ्या

नाना गेल्याचं मला बीडला, कॉलेजच्या कँटीनमध्ये कळलं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'वीर सुपुत्र हरपला' असं आलं होतं आणि नानांच्या फोटोमागं लढाऊ विमान चिकटवलं होतं. माझे हे चुलत आजोबा पायदळात होते. विमानात ते जन्मात बसले नाहीत... पण आमच्या पुढाऱ्यांना जवान म्हटलं की विमान लागतंच.

दहाव्यानंतर शोकसभा झाली. उपसरपंचांनी माईक धरून सांगितलं की नानांनी एकट्यानं, कोयत्यानं, सात शत्रू कापले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग घरात कॉलेजला गेलेला एकटा म्हणून मला उभं केलं. मला खरं माहीत होतं. गेल्या दिवाळीत नानांनी ते मुद्दाम सांगितलं होतं. "मी मेलो की हे लई फेकतील. तू शिकलायस. उभा ऱ्हा अन् खरं सांग." मी उभा राहिलो, "नाना साधे होते," म्हणालो आणि खाली बसलो. उपसरपंचांची मला चीड आहे, पण त्या दिवशी त्यांच्यापेक्षा मीच हलका निघालो. म्हणून हे लिहितो आहे. नीट जमेल का, माहीत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' मोजतात. नाना एकटे, म्हणजे अर्धा कोयता, म्हणून मुकादमाची हाक असायची, "ए अर्ध्या, उचल मोळी!" एका हंगामात ते फडातूनच उठून भरतीच्या रांगेत उभे राहिले, कोल्हापूरकडं. "तिथं बी अंगावर वरडायचे," नाना म्हणायचे, "पन पुरा मानूस धरून वरडायचे."

बांगलादेशच्या लढाईत त्यांच्या तुकडीचा खंदक उसाच्या फडाशी होता. समोरचं दिसावं म्हणून ऊस कापायचा हुकूम झाला. नानांनी तो बुडातून कापला, आणि हाताच्या सवयीनं पाचट काढून, मोळ्या बांधून, ओळीनं रचूनही ठेवल्या. सुभेदार परभणीकडचा. तो हसला, "का रं, कारखान्याचा ट्रक येनार हाय का?" मोळ्या हलवायच्या आधीच हल्ला आला. येणाऱ्यांनी त्याच मोळ्यांचा आडोसा घेतला. तिथून सुटलेली गोळी नानांशेजारच्या दत्तूला लागली... दोघं एका ताटात जेवायचे. "माझ्या मोळीनं मेला त्यो," नाना म्हणाले. उपसरपंचांचे ते सात शत्रू नानांच्या तोंडून मी कधी ऐकलेच नाहीत.

गावी परतल्यावर त्यांनी शेळ्या पाळल्या, पण मोळी पुन्हा बांधली नाही. वैरण कवेत आणायचे, अर्धी वाटेत सांडायची. पारावरून हेच उपसरपंच ओरडायचे, "नाना, लष्करात गाठ मारायला शिकवलं न्हाई का?" सगळा पार हसायचा. नाना काड्या वेचत बसायचे.

परवा त्यांच्या शेळ्यांना वैरण नेत होतो. आई म्हणाली, "दोरी घे की." घेतली नाही. बरोबर पारासमोर वैरण सांडली. "नातू बी तसलाच!" उपसरपंच म्हणाले. मी थांबलो. सगळं सांगितलं, मोळ्यांचं आणि दत्तूचं. मी काड्या वेचायला वाकलो. थोड्या उपसरपंचांच्या चपलेखाली होत्या.

"पाय उचला, काका," मी म्हणालो.

त्यांनी उचलला.