आत्यांचे चाळीस घाव

आत्या खऱ्या आत्या होत्या त्या फक्त आमच्या मालकांच्या. पण मालक पहिल्या दिवसापासून चारचौघांत त्यांना आत्याच म्हणत आले, म्हणून मागून आलेल्या आम्हा साठ जणांनीही तेच उचललं. चौसष्ट वर्षांची बाई चाचणीच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दिवसभर राक्षस मारते, हे नव्या माणसाला पहिल्यांदा दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तरुणपणी आत्यांनी अठरा वर्षं एका शिंप्याकडे काजं केली. बटण अडकवायच्या फटीच्या कडेनं टाके घालायचे, एका काजाला बावीस, ना एक कमी ना एक जास्त. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भाचा शिकायला म्हणून त्यांच्याकडे येऊन राहिला आणि मागच्या खोलीत बसून अभ्यासाऐवजी त्यानं एक खेळ बनवला. त्याचं नाव 'अस्तखंड'. तलवारी, मंत्र, ड्रॅगन, हरवलेली राज्यं, सगळा मालमसाला त्यात होता. खेळून बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं तो आत्यांच्या हातात दिला. आत्या शेवटपर्यंत पोचल्या तर भाग तयार, असं त्यानं तेव्हा ठरवून टाकलं. पुढे ऑफिस झालं, लिफ्ट आली, काचेचे दरवाजे आले, पण ठरलेलं मोडलं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी एका कागदावर आत्या सही करायच्या आणि मगच तो भाग दुकानात जायचा. अशा नऊ सह्या झाल्या होत्या.

त्या नऊही भागांत लढाई आळीपाळीनं चालायची. आधी तुमचा वार, मग राक्षसाचा. तुम्ही ठरवेपर्यंत तो बिचारा ताटकळत उभा. कितीदा तरी मी पाहिलंय, पडद्यावर तीन डोक्यांचा साप तोंडं वासून थांबलाय आणि आत्या चहा ओतून घ्यायला गेल्यात.

पण आठवा भाग पडला आणि नववा त्याहून जोरात आपटला. खेळणारे म्हणत, तेच ते आणि तेच ते. मग मालकांनी दहाव्यासाठी बाहेरून एक दिग्दर्शक आणला. उंच, सडपातळ, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. आल्याआल्या त्यानं आळीपाळी रद्द केली. आता राक्षस थांबणार नाही, तुम्हीच पळायचं, चुकवायचं, मारायचं. आम्ही त्याचं नाव 'पळापळ' ठेवलं. तोंडावर नाही अर्थात. माणूस वाईट नव्हता. लहानपणी त्यानं अस्तखंडचे पहिले पाच भाग पारायणं केल्यासारखे खेळले होते, आणि ही मालिका मरू नये यासाठी त्याचा जीव तुटत होता. हे मला आज कळतं, तेव्हा मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते.

दहाव्या भागाच्या दारातच एक दगडी राक्षस होता. त्याला पाडल्याशिवाय पुढचं काहीच दिसत नाही. आत्या त्याच्यापुढे बसल्या आणि हरल्या. दुपारपर्यंत एकवीस वेळा हरल्या, आठवड्याच्या शेवटी मोजणं मी सोडलं. हातात कंट्रोलर घेऊन त्या पुढे सरकायच्या आणि दगडी मूठ धाडकन अंगावर यायची. महिनाअखेर भाग बाहेर जायला हवा होता. आत्यांची सही नाही तर भाग नाही, आणि सहीशिवाय भाग गेला तर आत्यांनी त्या खुर्चीत बसायचं कशाला? सगळं ऑफिस त्यांच्या दोन अंगठ्यांवर येऊन टेकलं होतं.

मालक खाली आले. "आत्या, तू नुसती सही कर. बाकीच्या सगळ्यांनी पाडलाय त्याला."

"मी कुठे पाडलाय?" आत्या म्हणाल्या आणि पुन्हा खेळायला लागल्या.

आता माझा पराक्रम सांगते. आमच्या खेळात कुणात किती जीव, कुणाचा वार किती, हे आकडे सांभाळायचं काम माझं. दगडी राक्षसाचा जीव अठराशे, आत्यांच्या तलवारीचा एक घाव पंचेचाळीस. म्हणजे सरळ चाळीस घाव. एका सकाळी आत्या यायच्या आधी मी त्यांच्या मशीनवर अठराशेचे बाराशे केले. कुणाला सांगितलं नाही. आपण केवढं पुण्य करतोय अशा थाटात मी जागेवर जाऊन बसले.

अकराच्या सुमाराला राक्षस कोसळला. खोलीत एकच ओरडा झाला. पळापळ धावत आला, मालक आले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी आत्यांची खुर्चीच गोल फिरवली. कागद आला, पेन आलं. आत्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"चौदाव्या घावालाच त्याच्या जीवाची पट्टी अर्ध्याखाली कशी गेली?"

कुणाला काही समजेना. मला मात्र समजलं.

"रोज हरते मी, पण मोजते," आत्या म्हणाल्या. "वीस घावांना अर्धी होते. आज सत्तावीस घावांत मेलासुद्धा."

ज्या बाईनं अठरा वर्षं बावीस टाके मोजले, तिला हिशेबात फसवायला मी निघाले होते! "मी केलं, आत्या," मी म्हणाले. "जीव कमी केला त्याचा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "पोरी," त्या म्हणाल्या, "मी हरले असं लिहायचं होतंस. ते खरं होतं. हे काय आहे?"

टाळ्या वाजवणारे हळूहळू आपापल्या खुर्चीत गेले. पळापळ मात्र तिथेच उभा राहिला. तो म्हणाला, "आत्या, राक्षस सगळ्यांसाठीच थोडा कमजोर करू. त्यात काही बिघडत नाही."

"अजिबात नको. त्याला कशाला शिक्षा?" आत्या एकदम उसळल्या. "माझे हात हळू आहेत ते मला माहीत आहे. पण मी हातांमुळे हरत नाही. तो कधी मारणार तेच कळत नाही मला. आधी त्याची पाळी कधी, माझी कधी, हे कळायचं. मार खाल्ला तरी वाटायचं, चूक माझी होती. आता नुसतं कुणीतरी गर्दीत धक्का मारून गेल्यासारखं वाटतं."

पळापळच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. तो निघून गेला, आणि काचेचं दार त्यानं जरा जोरातच लावलं. दोन दिवस तो आमच्या खोलीत फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मशीनवर नवा राक्षस होता. म्हणजे तोच, तेवढाच दणकट, पण आता मूठ मारण्याआधी तो खांदा मागे घ्यायचा आणि छाती भरून श्वास ओढायचा. वार करून झाला की जमिनीत रुतलेली मूठ उपसायला त्याला क्षणभर वेळ लागायचा. धावपळ तशीच होती, थांबणं कुणाच्याच नशिबी नव्हतं. पण त्याची पाळी कधी आणि आपली कधी, हे आता दिसत होतं. शेजारच्या टेबलावरचा एक जण, जो त्या राक्षसाला डोळे मिटून पाडायचा, तो खेळता खेळता म्हणाला, "आधी नुसतं बटणं बडवत होतो. आता कुठे लढाई वाटतेय."

आत्या त्या दिवशी हरल्या. दुसऱ्या दिवशीही हरल्या, पण आता हरताना स्वतःशी पुटपुटत होत्या, "घाई केलीस", "लोभ केलास". महिना संपायला एकच दिवस उरला तेव्हा मालक वर त्यांच्या केबिनमध्ये येरझारा घालत होते.

शेवटच्या दिवशी चारच्या आसपास दगडी राक्षस गुडघ्यावर आला. आत्यांचे ओठ हलत होते. खांदा मागे गेला, आत्या बाजूला झाल्या. मूठ रुतली, आत्या पुढे झाल्या. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीसाव्याला तो पडला.

टाळी वाजली नाही. मागच्या वेळचा अनुभव ताजा होता. सगळे आत्यांकडे बघत होते आणि आत्या वळून माझ्याकडे.

"फाइल उघड."

मी उठले. तेवढ्या दहा पावलांत मला माझी जितकी लाज वाटली तितकी जन्मात वाटली नव्हती. त्या बाराशेच्या सकाळपर्यंत या बाईनं माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता. त्यांच्या मशीनवर आकड्यांची फाइल उघडली, राक्षसाच्या ओळीवर बोट ठेवलं. आत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि वाकून स्वतः वाचलं. मग मागे टेकल्या.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "तुझं काम आहे ते."

"अठराशे," मी म्हणाले.

"सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी खोलीकडे तोंड केलं. "अठराशे!" मी ओरडले, आणि माझा आवाज फाटला. मग उसळलेल्या गलक्यात आत्यांनी कागद पुढे ओढला, आणि सही करताना मला तो कागद दिसावा म्हणून खुर्ची थोडी बाजूला घेतली.