फळ्यावरून पुसलेली आमची फायनल

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

सोलापुरात ज्या शाळेत शिकले, तिथंच मी आता खेळ शिकवते. परिपाठाआधी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझंच. आज लिहिलं, 'आजच्याच दिवशी आपल्या शाळेच्या मुलींनी अकलूजमध्ये खो-खोची जिल्हा फायनल जिंकली.' त्या संघात मीही होते.

मुख्याध्यापकांनी डस्टर उचललं आणि सगळं पुसलं. "मॅडम, दिनविशेष म्हणजे इतिहास. क्रिकेटचं काहीतरी लिहा."

मी वैरागला, आमच्या संघातल्या सुरेखाला फोन लावला. त्या फायनलमध्ये शेवटच्या क्षणी खांबावर सूर मारून तिनंच गडी बाद केला होता.

"पुसलं व्हय? माझ्या गुडघ्यावरचा वण न्हाय पुसला अजून. लिही की परत!"

दुपारच्या सुट्टीत ऑइल पेंट आणला. मैदानाच्या भिंतीवर तेच वाक्य लिहिलं, तारखेसकट आणि सुरेखाच्या नावासकट. सातवीच्या पोरी रंग वाळायच्या आत खांबावर सूर मारायला लागल्या. मुख्याध्यापक सर येऊन बघून गेले.

तुमच्या शाळेचा असा कुठला दिवस कुणाच्याच दिनविशेषात नाही? खाली लिहा. इथं कुणाच्या हातात डस्टर नाही.